जहाजाचा ज : प्रौढांच्या वाचनपाठांची एक उलटतपासणी

माझ्याकडे एका पत्र्याच्या ट्रंकेत प्रौढांसाठी काढलेल्या वाचनपुस्तिका आहेत. काही रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेल्या, काही निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावरून उतरवलेल्या, दोन-तीन मी स्वतः वर्गात वापरलेल्या. गेली पंचवीस वर्षे मी त्या अधूनमधून काढून वाचतो. वाङ्मय म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यामुळे त्यांची समीक्षाही होत नाही. कवितासंग्रहाला परीक्षण मिळते, पाककृतीच्या पुस्तकालाही मिळते. लाखालाखाने छापल्या आणि वाटल्या गेलेल्या या चोपड्यांवर मात्र अहवाल निघतात. अहवालात किती वाटल्या ते असते. आत काय होते, ते नसते.

माझे शिक्षण बारावी नापास इतकेच आहे. पुढचे जे काही झाले ते तालुक्याच्या गावी एका छापखान्यात, खिळे जुळवता जुळवता झाले. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

१९८८च्या मे महिन्यात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. केरळातला एर्नाकुलम जिल्हा १९९०मध्ये संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला आणि मग देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत अभियाने उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती लाट आमच्या माणदेशातही आली. मी तेव्हा विशीत होतो. दिवसा छापखाना आणि रात्री समाजमंदिरात वर्ग, असा स्वयंसेवक. तीन दिवसांचे प्रशिक्षण, एक कंदील, एक फळा, खडूची पेटी आणि पुस्तिकांचा गठ्ठा मिळाला होता. मिशनची आखणी कागदावर चोख होती. तीन पुस्तिका, तिन्ही मिळून साधारण दोनशे तास, आणि प्रत्येक पुस्तिकेत तीन चाचण्या. साक्षर कोणाला म्हणायचे याची मापेही ठरलेली होती. मोठ्याने वाचन मिनिटाला ३० शब्द, पाहून लिहिणे मिनिटाला ७ शब्द, ऐकून लिहिणे मिनिटाला ५ शब्द, शंभरपर्यंत अंक, तीन अंकी बेरीज-वजाबाकी. त्याच यादीत साध्या सूचना समजून वाचणे आणि छोटे अर्ज स्वतः लिहिणे हेही होते. हे मुद्दाम नोंदवतो, कारण टीका करताना लोक फक्त वेगाच्या मापांची थट्टा करतात. उद्दिष्टात खोट नव्हती. उद्दिष्टापासून पहिल्या पाठापर्यंत येताना मधे काहीतरी निसटले होते.

माझ्या वर्गात चौदा बायका होत्या. त्यांतल्या एकीला रखमाबाई म्हणू. वय चाळिशीच्या पुढे, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी. ज या अक्षराच्या पाठात जहाजाचे चित्र होते. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मास्तर, ह्ये काय वं? दगडाची डोण हाय का?" जनावरांना पाणी पाजायची डोण तिने पाहिली होती. आमच्याकडे पाण्याचा टँकर दिसला तरी पोरे मागे धावत, तिथे जहाज कुठून दिसणार? मी तिला समुद्र समजावून सांगितला. त्यात पाऊण तास गेला आणि मला वाटले, चला, सामान्यज्ञान वाढले.

या एका प्रसंगावर थांबलो असतो तर माझी टीका सोपी झाली असती. पुस्तिका शहरी माणसांनी लिहिल्या, त्यांना गाव माहीत नव्हते, संपले. ही टीका पुष्कळांनी केली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. जहाजाच्या जागी जनावर किंवा जात्याचे चित्र घातले असते, तरी जे पुढे घडले ते टळले नसते.

दोन वर्षांनी रखमाबाई एक कागद घेऊन छापखान्यात आली. एका पतसंस्थेची नोटीस होती. तिच्या दिराने कर्ज काढले होते, ते थकले होते, आणि जामीनदार म्हणून तिची सही होती. सही खरोखर तिचीच होती, मी शिकवलेली. वळणावरून मी ओळखली. दिराने "हिथं नाव लिही" म्हटले आणि तिने मोठ्या कौतुकाने लिहिले होते. नावही तिने मला विचारले, कारण नोटिशीवर छापलेले 'रुक्मिणी' तिला ओळखता आले नाही. गावात ती रखमा, वर्गात मी शिकवले तेही रखमा. क आणि म जोडलेला तिसऱ्या पुस्तिकेत येणार होता, आणि आमचा वर्ग दुसऱ्या पुस्तिकेच्या मध्यावर सुगी लागताच मोडला होता. यादीत मात्र ती साक्षर होती.

मी कागदामागे 'जामीनदार' हा शब्द मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर धरला. तिने बोट ठेवले. जहाजाचा ज, त्याला काना. मगरीचा म, त्याला दुसरी वेलांटी. नळाचा न. दगडाचा द, काना. रथाचा र. तिने शब्द सलग वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "ह्ये तर आपुन शिकलो हुतो की."

शिकलो होतो. पाच अक्षरे आणि दोन स्वरचिन्हे. पहिल्याच पुस्तिकेत सगळी येऊन गेली होती. चौदा बायकांपैकी निदान आठ-नऊ जणींना तो शब्द वाचता आला असता. तो फळ्यावर कधी आला नाही इतकेच. पुस्तिकेत नव्हता आणि मलाही सुचला नाही. त्या अक्षरांपासून आम्ही जे शब्द तयार केले होते ते माझ्या जुन्या वहीत अजून आहेत : मगर, नगर, मन, दम, नमन, जहाज, राजा.

अंगठ्याची लोक चेष्टा करतात. 'अंगठेबहाद्दर' ही आपल्या भाषेतली हलकी शिवी आहे. पण अंगठ्याभोवती काही रीतभात असते. बँकेत अंगठा उठवणाऱ्याला साक्षीदार लागतात. दस्तावर अंगठा घेतला तर मजकूर वाचून दाखवला, समजला, असे लिहून घेतात. सही करणाऱ्याला कोणी वाचून दाखवत नाही. ज्याअर्थी सही आहे, त्याअर्थी वाचले असणार, असे धरून चालतात. वाचता येण्याआधी सही शिकवणे म्हणजे त्या माणसाभोवतीचे होते-नव्हते तेवढे कुंपण काढून घेणे. आम्ही पहिल्या आठवड्यात सही शिकवत असू, कारण त्याने उत्साह वाढतो असे मार्गदर्शिकेत लिहिले होते. उत्साह वाढायचा, हे खरेच.

आता छापखान्याकडे येतो. खिळे ठेवायची जी लाकडी केस असते तिच्यात खण असतात. नव्या जुळाऱ्याला पहिला धक्का बसतो तो हा, की खण अ, आ, इ, ई या क्रमाने नसतात. जो खिळा जास्त लागतो त्याचा खण मोठा आणि हाताशी. क्वचित लागणारा वरच्या कोपऱ्यात. वर्णमाला पाणिनीच्या परंपरेतली, उच्चारस्थानांवर बेतलेली, फार देखणी मांडणी आहे, पण तिच्यावर काम करायला बसलो तर दिवसाला एक पान जुळणार नाही. केसची मांडणी कामाने ठरते.

प्रौढांच्या पाठांची आखणी करणाऱ्यांनीही वर्णमालेचा क्रम सोडला होता, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण त्याजागी जो क्रम आणला तो वळणाच्या सोयीचा. लिहायला सोपी ती अक्षरे आधी. आपल्या शाळेतला ग, म, भ, न हाही त्याच जातीचा. मग काना, मग वेलांट्या, उकार, मात्रा, आणि जोडाक्षरे सर्वांत शेवटी. सोप्याकडून अवघडाकडे. वाचायला हे इतके शहाणपणाचे वाटते की त्यावर शंका घ्यायला मला दहा वर्षे लागली.

शंका अशी. रखमाबाईची ती नोटीस आता माझ्याकडे नाही, पण तशा नोटिसा मी छापखान्यात शेकड्यांनी जुळवल्या आहेत. त्यांतले नेहमीचे शब्द पाहा. कर्ज, व्याज, मुद्दल, हप्ता, रक्कम, क्रमांक, पत्ता, स्वाक्षरी. एकूणएक जोडाक्षराचे. एकटा र घेतला तरी तो कर्जात ज च्या डोक्यावर बसतो, क्रमांकात क च्या पोटाला तिरका लागतो, महाराष्ट्रात ट च्या खाली घर करतो आणि शेतकऱ्यात पापणीसारखा वाकतो. चार ठिकाणी चार रूपे आणि पाचवा तो रथातला सरळ र. शेतकऱ्याला आलेल्या एका पानी नोटिशीत पाचही भेटतात. रफाराची तर आणखी गंमत. उच्चार ज च्या आधी आणि खूण ज च्या डोक्यावर, म्हणजे डोळा पुढे जाऊन पुन्हा मागे यावा लागतो. पहिल्या वेलांटीचे याच्या उलट. ती लिहायची आधी आणि बोलायची नंतर. मुलाला या कसरतींची चार वर्षांत सवय होते. प्रौढाकडे दोनशे तास आहेत, आणि त्यांतले निम्मे तो खुरपणीला जातो.

म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे जाणारा रस्ता ज्याला शेवटपर्यंत चालता येतो त्याच्यासाठी तो ठीक. जो अर्ध्यावर गळतो, आणि प्रौढ वर्गात बहुतेक गळतात, त्याच्या हाती मगर, नगर, नमन राहते. जे त्याच्या दारात येते ते सगळे न छापलेल्या पुढच्या पानावर. गळती ही वर्गाची चूक नसून ऋतूचा भाग आहे, हे धरून आखणी केलेली पुस्तिका माझ्या ट्रंकेत एकही नाही.

छापखान्याच्याच अनुभवातला एक बारका मुद्दा. पाठ्यपुस्तकांत काही जोडाक्षरे बरीच वर्षे पाय मोडून, शेजारी शेजारी छापली जात. शिकवायला सोपी म्हणून. नोटिशीत, पाटीवर, पत्रिकेत तीच अक्षरे एकाखाली एक. 'मुद्दल'मधला द खाली लोंबणारा द पाहून माझी एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "ह्यो द फाटलाय." सोयीसाठी केलेली लिपी आणि गावातली लिपी वेगळी पडली की नेमके असे होते.

या प्रश्नावर जगात कोणी विचार केला आहे का, हे शोधताना मला पाउलो फ्रेइरे सापडला. बाराबंदी इंग्रजीत तो वाचायला मला वर्ष लागले. ब्राझीलच्या ईशान्येकडे अंजिकोस नावाच्या गावात १९६३मध्ये त्याच्या गटाने सुमारे तीनशे मजुरांचे वर्ग घेतले, चाळीस तासांचे. त्याच्या पद्धतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे 'तिजोलो', वीट. आधी विटेच्या कामाचे चित्र आणि त्यावर चर्चा : घर कोण बांधतो, त्यात कोण राहतो. मग शब्दाचे तुकडे, ति-जो-लो. मग प्रत्येक तुकड्याची बाराखडी, त-ते-ति-तो-तु. मग त्या तुकड्यांतून शिकणाऱ्याने स्वतः नवे शब्द घडवायचे. असे पंधरा-वीस शब्द पुरतात, मात्र ते वस्तीत राहून, लोकांच्या तोंडून वेचलेले हवेत. ब्राझीलमध्ये तेव्हा निरक्षराला मत नव्हते, त्यामुळे वाचता येणे म्हणजे थेट मतदार होणे. १९६४मध्ये लष्कराने सत्ता घेतली, फ्रेइरेला तुरुंगात टाकले आणि मग त्याला देश सोडावा लागला. आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासून चिन्हांवर मतदान होत आले, म्हणून साक्षरतेची सत्तेला तेवढी भीती कधी वाटली नाही. असा माझा एक तर्क आहे. त्याला अपवाद पुढे सांगतो.

आमच्या पुस्तिकांनी फ्रेइरेचे बाह्य रूप घेतले होते. चित्र होते, त्याखाली शब्द होता, शब्दापासून अक्षर फोडले होते. फरक इतकाच की फ्रेइरे शब्द आधी निवडतो आणि त्यातून जी अक्षरे येतील ती येऊ देतो. आमच्याकडे अक्षर आधी ठरे आणि त्याच्यासाठी शब्द शोधला जाई. ज साठी जहाज. पद्धत तीच दिसते, पण गाडी बैलांपुढे जुंपलेली.

तरीही फ्रेइरे जसाच्या तसा मराठीत उचलता येणार नाही, हे त्याच्या इथल्या भक्तांनी लक्षात घेतलेले दिसत नाही. पोर्तुगीजची अक्षरे पंचवीसच्या आसपास. आपली व्यंजनेच तीसच्या वर, त्यांना स्वरचिन्हे, वर जोडाक्षरे. पंधरा-वीस शब्दांत आपली लिपी मावत नाही. मी कागदावर पुष्कळ वेळा मांडून पाहिले. पस्तीस-चाळीस शब्द तरी लागतात.

अपवाद म्हटले तो आंध्रातला. नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता अभियानाच्या वाचनपुस्तकात सीतम्मा नावाच्या बाईची गोष्ट होती. गावातल्या बायका एकत्र येऊन दारूचे दुकान बंद पाडतात, अशी. दुबगुंटा गावातल्या बायकांनी ती वर्गात वाचली, त्यावर बोलल्या, आणि १९९१-९२च्या सुमारास जाऊन आपल्या गावचे अरकाचे दुकान खरोखरच बंद पाडले. ते लोण जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरले. १ ऑक्टोबर १९९३पासून आंध्र प्रदेशात अरकावर बंदी आली. वाचनपाठाच्या इतिहासात याला तोड नाही. मी ही हकीकत अनेक सभांत सांगितली आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. पण नीट पाहिले तर त्या पाठाचे यश अक्षरांच्या क्रमात नव्हते. तिथे विषय आधी बायकांच्या घरात होता आणि नंतर पुस्तकात आला. अक्षरे येणाऱ्या-न येणाऱ्या सगळ्यांना त्यावर बोलता आले. वाचन हे तिथे निमित्त होते, आणि निमित्त म्हणूनच ते पुरले.

हे सगळे वाचून, टिपून मी २००३-०४च्या सुमारास माझी स्वतःची आखणी केली आणि शेजारच्या गावात एका बचत गटाच्या बायकांना शिकवायला बसलो. माझा पहिला शब्द 'सातबारा'. चार अक्षरे आणि नुसता काना, शिवाय जमिनीचा मूळ कागद. दुसरी जोडी 'जमीन' आणि 'जामीन'. एका कान्याने जमीन जाते, हे फळ्यावर दाखवता येईल याचा मला केवढा आनंद झाला होता! तिसऱ्या दिवशी एक जण म्हणाली, "दादा, सातबाऱ्यावर आमचं नावच न्हाई. वाचून काय करू?" बाकीच्या हसल्या. मी हसलो नाही. जहाज काढून मी माझे जहाज आणून ठेवले होते.

त्यांना काय वाचायचे होते? एकीला एसटीची पाटी, कारण लेकीच्या गावाला जाताना दरवेळी कंडक्टरला विचारावे लागे आणि तो वसकन अंगावर येई. एकीला हरिपाठ. तो तिला तोंडपाठ होता, फक्त पुस्तकात कुठे काय आहे हे बोटाने दाखवायचे होते. दोघींना पोरांची नावे. आणि एकीला, सर्वांत तरुण होती ती, पोराच्या बालभारतीतलेच धडे हवे होते. "त्याला कळाया नगो, मला येत न्हाई म्हून." ठाण्यातल्या मुरबाडजवळ फांगणे गावी २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसलेल्या, पाटी घेऊन बसलेल्या आज्यांची छायाचित्रे जगभर गेली. काही मित्रांनी त्यावर नाक मुरडले, यात उपयोग काय म्हणून. माझे मत आता तसे नाही. शाळेतच बसायचे होते, जे लहानपणी नाकारले गेले तेच हवे होते, हीही गरज आहे. कमळाचा क हवा असणारी बाई मूर्ख नसते.

म्हणून आज कोणी मला पाठांची आखणी विचारली तर मी पुस्तिका दाखवत नाही. पहिल्या आठवड्यात फळ्यावर काही लिहायचे नाही असे सांगतो. ज्याने त्याने घरातला एक कागद आणायचा. औषधाची चिठ्ठी, वीजबिल, लग्नपत्रिका, पोथी, पासबुक, काहीही. ते सगळे जमिनीवर मांडायचे आणि प्रत्येकाने सांगायचे, यात काय लिहिले असेल असे वाटते. कोणता कागद कोणी आणला नाही, लपवला, हेही शिकवणाऱ्याने पाहायचे. शब्द त्यातून निवडायचे, आणि त्यात जोडाक्षर आले तर ते चित्रासारखे अख्खे ओळखायला शिकवायचे, फोड नंतर. 'क्ष' आणि 'ज्ञ' आपण मुलांना नाही का अख्खेच शिकवत? सही मात्र शेवटी. या एका मुद्द्यावर माझे कार्यकर्त्यांशी दरवेळी वाजते. सही आली की बाईला बरे वाटते, तुम्ही ते का हिरावता, असे ते म्हणतात. मी त्यांना रखमाबाईचे सांगतो. कधी पटते, कधी नाही.

या आखणीची अडचणही सांगितली पाहिजे. तिची पुस्तिका छापता येत नाही. दर गावचे शब्द वेगळे, दर वर्गाचा क्रम वेगळा. चाचणी एकसारखी घ्यायची तर ही पद्धत गैरसोयीची. सध्याच्या नव भारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी १५० गुणांची आहे, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना ५०-५०. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ला झाली. उद्दिष्टांच्या यादीत आता आर्थिक आणि कायदेविषयक साक्षरताही आली आहे, हे चांगलेच आहे. आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या एका आजी त्या परीक्षेला बसल्या होत्या. सोबत मी गेलो होतो. बाहेर आल्यावर पेपर कसा गेला विचारले, तर म्हणाल्या, "समदं लिवलं. सहीबी क्येली." कशावर, ते विचारायचे माझ्या ओठावर आले होते. हजेरीपटावर केली होती.

रखमाबाईने ते कर्ज फेडले. शेरडे विकून आणि दोन वर्षे ऊसतोडीला जाऊन. ती नंतर माझ्या वर्गात आली नाही, पण बाजारच्या दिवशी छापखान्यात येऊन बसायची, आणि वाळत घातलेल्या हँडबिलांवर बोट फिरवत, जिथे अडेल तिथे मला हाक मारायची.